तिसरं दावं

आप्पा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, म्हातारपणी पोरगी मऊ झाली, गळा काढून रडायला बसली. तसलं काही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोत आता टोपी तेवढी ओळखू येते, आणि तरी परवा नातीच्या वहीत दोन वर्तुळं बघितली न् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला पत्ता नाही. पोर घाबरली. आजीला अचानक काय झालं, कुणावर चिडली, तिला काय कळणार?

तिच्या बाईंनी वर्गात पाहणी करायला सांगितली होती. कुणाला चहा आवडतो, कुणाला दूध. मग दोन वर्तुळं काढायची, एकमेकांवर थोडी चढलेली. ज्यांना दोन्ही आवडतं त्यांची नावं मधल्या जागेत, ज्यांना दोन्ही नको त्यांची वर्तुळांच्या बाहेर, पण चौकटीच्या आत. वेन आकृती म्हणतात तिला. मी गणिताची मास्तरीण, सगळी नोकरी फळ्यावर ही वर्तुळं काढण्यात गेली, मला ते काय नवं नाही. पण परवा सहज विचारलं तिला, की ही बाहेर ठेवलेली पोरं, ह्यांना काहीच आवडत नाही का गं? तर ती एखाद्या खुळ्या माणसाकडं बघावं तशी माझ्याकडं बघून म्हणाली, "असं कसं आजी? त्यांना ताक आवडत असंल, सरबत आवडत असंल. आपण विचारलंच नाही ना." ऐकताय ना आप्पा? अजून दुधाचे दात पुरते पडले नाहीत त्या पोरीचे. तिला जे कळतं ते तुम्हाला, अख्ख्या गावाच्या मास्तरला, कळलं नव्हतं. की कळलं होतं? हाच तर माझा झगडा आहे तुमच्याशी.

आपलं गाव तुळजापूरच्या खाली, पार कानडी मुलखाच्या शिवंला टेकलेलं. राज्य निजामाचं. बाजारात मराठी, कचेरीत उर्दू आणि निम्म्या घरांत चुलीपाशी कानडी, असा सगळा मामला. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. तुम्ही सरकारी शाळेचे मास्तर. मराठी वाचायचात, उर्दू वाचायचात, अर्ज लिहून घ्यायला चार गावची माणसं आपल्या पडवीत येऊन बसायची. अव्वा आळंदकडची, आईला अव्वा म्हणायची रीतही तिच्याच माहेरची. तिच्या वडिलांनी तिला घरीच कानडी वाचायला शिकवलेलं, आणि लग्नात तिनं माहेरून आणलेल्या वस्तूंत एक पोथी होती, लाल फडक्यात बांधलेली. दर सोमवारी संध्याकाळी अंगण झाडून, कपाळाला विभूती लावून ती देवासमोर बसायची न् मोठ्यानं वाचायची. आणि तुम्ही शेजारी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचात. हे माझ्या डोळ्यांपुढं आत्ता आहे. मधेच तुम्ही बोट वर करता, म्हणजे तेवढी ओळ पुन्हा. ती पुन्हा वाचते. तुम्ही मान हलवता. तुम्हाला बोललेलं कानडी कळायचं, लिहिलेलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय. कारण पुढं जे तुम्ही केलंत, ते न कळून केलं असं म्हणायची सोय मला तुम्हीच ठेवली नाहीत.

मी परकरी पोर होते, त्या साली तालुक्याहून हुकूम आला, की गावागावांत वाचता येणारे किती, न येणारे किती, बायका किती, पुरुष किती, ह्याचा तक्ता करून ठेवा, साहेब तपासणीला येतील. आणि त्याच हुकमात पोरींच्या वर्गाची गोष्ट होती. देवळाच्या सोप्यात दुपारी पोरींचा वर्ग भरवायला सरकारची मंजुरी मिळणार होती, शिकवणार तुम्हीच, पण एक अट होती. पोरींच्या जवळ गावातली एखादी वाचती बाई बसायला पाहिजे. बाई बसली की आईबाप पोरी पाठवतात, असं वरच्या लोकांचं म्हणणं, आणि ते काय खोटं नव्हतं. तुम्ही जेवताना हे अव्वाला सांगितलंत. मी ताटावर बसलेली. अव्वानं भाकरी थापता थापता हात थांबवला न् माझ्याकडं बघितलं.  आणि दुसऱ्या दिवशी तिनं पेटीच्या तळातलं इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं, तेव्हा मी काय ते समजले. शेजारच्या माझ्या मैत्रिणीला मी तिथल्या तिथं सांगून मोकळी झाले की आपली साळा निघणार, माझी अव्वा बसणार. त्या दिवसापासून ती पोर रोज सकाळी आमच्या उंबऱ्याशी येऊन विचारायची, साळा कवा?

तुम्ही घरोघर फिरलात. ते फिरणं कसं होतं ते मला ठाऊक आहे, कारण आपल्या आळीत मी दारादारांतून बघत होते. तुम्ही ओसरीवर बसायचे. घरातला बाप्या पुढं यायचा. तुम्ही विचारायचे, घरात वाचता कुणाला येतं? तो आपलं सांगायचा, पोराचं सांगायचा. आणि बायकांचं? तो हसायचा. तुम्हीही हसायचे. बास. आत दाराआड बाई उभी असायची, बांगड्या वाजायच्या, तिला एकदाही विचारलं नाही. बाप्या घरी नसला तर तुम्ही दारावरून परत फिरायचे, कारण बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही न् तुम्ही तिला दुसरं काही विचारणार नाही. त्यातल्या किती जणी अव्वासारख्या खालच्या मुलखातनं आलेल्या होत्या, कुणी माहेरी काय शिकून आलं होतं, देवाला ठाऊक. तुमच्या पाहणीत तर ते कधी आलंच नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी तुम्ही पडवीत घोंगडी अंथरली. एवढी माणसं कागदावर सुटी सुटी लिहून घेतलेली, त्यांची विभागणी करताना तुमचा गोंधळ व्हायला लागला होता, म्हणून तुम्ही आपल्या डोक्यानं युक्ती काढलीत. ती युक्ती मी आजही मानते, ह्यात माझं दुमत नाही. गोठ्यातली दोन दावी आणलीत, त्यांची टोकं बांधून दोन कडी केलीत आणि घोंगडीवर एकमेकांवर चढवून ठेवलीत. एक मराठी वाचणाऱ्यांचं, एक उर्दू वाचणाऱ्यांचं. मधे दोन्ही वाचणारे. दाव्यांच्या बाहेर, घोंगडीवर, राहिलेलं गाव. माणसागणिक एक चिंचोका. पुढं नोकरीत असताना आम्हाला प्रशिक्षणाला नेलं, तिथं एका मोठ्या साहेबांनी नवीन गणित म्हणून हेच फळ्यावर काढलं न् सगळ्या मास्तरांनी तोंडं वासली. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या पडवीत होऊन गेलंय. त्या क्षणी मला तुमचा अभिमान वाटला. आणि लगेच पुढची गोष्ट आठवली न् डबा न खाताच घरी आले.

पुढची गोष्ट अशी, की पुरुषांचा न् बायकांचा चिंचोका वेगळा ओळखू यावा म्हणून तुम्ही बायकांचे चिंचोके फोडलेत. पुरुषाला अख्खा, बाईला अर्धा, पांढरी बाजू वर. एका चिंचोक्यात दोन बायका. मी विचारलं, आप्पा, अर्धा का? तुम्ही म्हणालात, फरक कळावा म्हणून, दुसरं काही न्हाय. बरं. मग पुरुषांचे का नाही फोडले? फरक तर तसाही कळला असता. तेव्हा मला हे बोलता आलं नाही, म्हणून आज बोलते. साठ वर्षं हा प्रश्न माझ्या घशात अडकून आहे म्हटलं तरी चालेल.

तुम्ही एकेक घर पुकारत होतात न् चिंचोके ठेवत होतात. पाटलाचं घर, दोन अख्खे मधे, बाकीचे बाहेर, फोडी बाहेर. वाण्याचं घर, एक अख्खा मराठीत. सगळ्या घरांच्या फोडी बाहेर, बाहेर, बाहेर. घोंगडीची ती कड नुसती पांढरी दिसायला लागली. अव्वा चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिलेली. शेवटी आपलं घर. तुमचा अख्खा चिंचोका तुम्ही दोन्ही दाव्यांच्या मधे, अगदी बरोब्बर मधे ठेवलात. माझी फोड बाहेर, ते ठीक, मला तेव्हा काही येत नव्हतं. आणि मग अव्वाची फोड घेतलीत. हात थांबला नाही तुमचा. निदान थांबायला तरी पाहिजे होता. पाटलाच्या, वाण्याच्या, सगळ्यांच्या बायका जिथं, तिथंच, बाहेर.

 खुंटीला वासराचं एक दावं लोंबत होतं, ते अव्वानं काढलं. त्याची टोकं बांधली, तुम्ही बांधलीत तशीच, आणि खाली वाकून घोंगडीवर ठेवलं, आपल्या फोडीभोवती.

"ह्ये कानडीचं," ती म्हणाली.

मला वाटलं आता तुम्ही हसाल, म्हणाल, अगं व्हय की, विसरलोच. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही ते दावं उचललंत, गाठ सोडलीत, उठून परत खुंटीला अडकवलंत आणि खाली बसत म्हणालात, "सरकारात चालतं त्याला वाचणं म्हणत्यात. त्ये घरातलं झालं."

आप्पा, हे वाक्य तुम्ही आवाज न चढवता बोललात. चढवला असतात तर बरं झालं असतं, मग मी म्हटलं असतं, रागाच्या भरात बोलले. सोमवारी जे डोळे मिटून ऐकत होतात, बोट वर करून पुन्हा मागत होतात, ते काय होतं मग? वाचणं नव्हतं? नुसता घसा साफ करत होती काय ती? शाळेत कुणा पोराची बेरीज चुकली की छडी उगारायचात, आणि स्वतःच्या घरातलं माणूस मात्र असं खाली वाकून नाहीसं केलंत.

"साकु," अव्वा म्हणाली. पुरे. चिडली की ती कानडीवर यायची. तिनं आपली फोड घोंगडीवरून उचलली, आत गेली, चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. तडकली तशी चिमट्यानं बाहेर काढली, साल चोळून काढली आणि तोंडात टाकली. भाजलेला चिंचोका चावताना कसा आवाज होतो, तो पडवीत बसून तुम्हालाही ऐकू आला असणार. तुम्ही मान वर केली नाहीत.

मग तुम्ही तक्ता मांडायला घेतलात. आडव्या ओळींत पुरुष, बायका. उभ्या घरांत वाचता येतं, येत नाही. कडेला बेरीज, तळाला बेरीज, आणि कोपऱ्यात दोन्ही बेरजांचा मेळ. तो मेळ बसेना. घरोघरच्या मोजणीत बायका जेवढ्या, त्यापेक्षा घोंगडीवरच्या फोडी एकीनं कमी. तुम्ही पुन्हा मोजल्यात. घोंगडी झटकलीत, जोत्याखाली बघितलंत, मग माझ्यावर डाफरलात की फोड खेळायला घेतलीस का. मी रडकुंडीला आले. तेव्हा आतून अव्वा म्हणाली, "तिला कशाला बोलता? म्याच खाल्ली. तुमच्या बेरजेत न्हाय तर माज्या पोटात तरी असू दे मला."

तुम्ही काय केलंत, आठवतं? एक नवा चिंचोका घेतलात, वरवंट्यानं फोडलात आणि त्यातली अर्धी फोड बाहेर ठेवून दिलीत. तिच्या जागी. उरलेली अर्धी अंगणात भिरकावलीत. बेरीज जुळली. तक्ता सुंदर दिसत होता, ओळ न् ओळ सरळ. बायका, वाचता येतं, ह्या घरात तुम्ही शून्य घातलंत आणि तेही काय गोल काढलंत.

साहेब आले ते थंडीत. आपल्याच पडवीत बसले, सतरंजीवर, तुम्ही समोर हात बांधून उभे. आत अव्वा न् मी दाराला कान लावून. अव्वानं इरकली नेसलेलं होतं. आप्पा, तक्ता गेला होता, शून्य पडलं होतं, तरी ती नेसली होती. तिला वाटत होतं, साहेब तोंडी विचारतील, तेव्हा तरी तुम्ही सांगाल. आणि साहेबांनी विचारलं की. उर्दू मला तोडकीमोडकी कळायची, पण हे पुरतं कळलं.

"औरतों में पढ़ी हुई कोई नहीं, मास्टर? एक भी नहीं?"

कानडी का मराठी का उर्दू, त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या तक्त्यात मराठीचं घर नव्हतं न् उर्दूचंही नव्हतं, नुसतं येतं न् येत नाही. दावी तुमची होती, आप्पा. दोन दावी तुम्ही टाकलीत, तुमच्या सोयीसाठी, आणि मग त्या दाव्यांनी तुम्हालाच बांधून घातलं. गणिताच्या भाषेत सांगू? दोन वर्तुळांच्या बाहेर म्हणजे ह्या दोन्हींत नाही, एवढंच. म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. ही चूक माझ्या वर्गात पोरांनी केली की मी एवढी भडकायची की पोरं आपसांत म्हणायची, बाईंना ह्या धड्यात काय होतं कुणास ठाऊक. आता त्यांना काय सांगणार?

तुम्ही म्हणालात, "जी नहीं, हुजूर."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं च्च् केलं. मग बच्चियों के पास कौन बैठेगा, असं स्वतःशीच म्हणाला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पोरींचा वर्ग राहूनच गेला. दोन शब्दांचं काम होतं तुमचं. माझी घरवाली वाचते, एवढं म्हणायचं होतं. पुढं बसून तिनं काही मराठी शिकवायचं नव्हतं, नुसतं पोरींजवळ बसायचं होतं. अव्वा दारापासून मागं सरली, इरकली सोडलं, घडी घालून पेटीच्या तळाला ठेवून दिलं. मी तिला विचारलं, आता साळा? ती म्हणाली, पीठ मळ.

शेजारची मैत्रीण अजून चार-सहा दिवस उंबऱ्याशी येत राहिली. मग तिची आई तिला शेतावर न्यायला लागली, मग लग्न झालं. मागं एकदा दवाखान्यात भेटली. औषधाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, बग ग, सकाळी घ्यायचं का रातीला. मी वाचून सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली न् म्हणाली, तुझं नशीब.  मला घरी येईपर्यंत तुमचा राग आवरत नव्हता.

वर्ग गेल्यावर तुम्ही तुळजापूरहून माझ्यासाठी पाटी आणलीत. लाकडी चौकटीची, कोपऱ्याला पत्रा मारलेली. रोज संध्याकाळी मला तुम्ही घरी शिकवायला लागलात. तुमच्या मनाला टोचत होतं म्हणून, की मी रोज धुमसत होते ते बघवेना म्हणून, देव जाणे. ते तुमच्या बाजूनं लिहून ठेवते, म्हातारी झाले तरी हिशेबाला मी पक्की आहे. त्या पाटीवर मी मराठी शिकले, पाढे शिकले. निजामाचं राज्य गेल्यावर अव्वानं भांडून मला सोलापूरला राहायला गेलेल्या मामाकडं पाठवलं, माझ्या खांद्याएवढ्या पोरींच्या वर्गात मी घोड्यासारखी वाढलेली बसले, आणि झाले एकदाची मास्तरीण. पण ती पाटी चुलीपासून चार हातांवर असायची, आप्पा. आत अव्वा भाकऱ्या भाजत असायची. तिच्या हातात ती पाटी द्यावी, तिची अक्षरं एकदा तरी काढून घ्यावीत, असं ना कधी तुम्हाला सुचलं ना मला.

तुम्ही असं का केलंत, ह्याचा मी फार विचार केलाय. नोकरीची भीती म्हणावी, तर साहेब कुणाला खात नव्हता. मग मला एक दिवस आठवतो. डाकवाला आलाय, चावडीवर माणसं बसलीत, मी तुमच्या मागं उभी आहे. तो तुमच्या हातात मामाचं कार्ड देतो. कानडीतलं. कुणीतरी म्हणतं, मास्तर, काय लिव्हलंय, वाचा की, खुशाल हायत का पावनं? सगळं गाव ज्याच्याकडून कागद वाचून घेतं तो माणूस ते कार्ड हातात धरून उभा. तुम्ही उलटं केलंत, सुलटं केलंत, कोट चाचपलात आणि म्हणालात, चष्मा घरी ऱ्हायला. एकानं हळूच म्हटलं, आता घरी मास्तरीण वाचून दावंल. हसली सगळी. तुम्हीही हसलात, पण घराकडं येताना मला मागं टाकून झपाझप चालत होतात. घरी आल्यावर कार्ड अव्वाकडं दिलंत नाही, कोनाड्यात टाकलंत. तिनं ते आपण होऊन घेतलं न् वाचून दाखवलं, मामाच्या म्हशीला रेडकू झालं होतं.

म्हणजे गोष्ट सरळ आहे. दोन दावी टाकली की तुम्ही बरोब्बर मधे. तिसरं टाकलं की तुमची बायको आत न् तुम्ही बाहेर. घोंगडीवर सगळ्या गावासारखे बाहेर. तेवढं तुम्हाला सोसलं नाही. तेवढ्यासाठी एका बाईला तुम्ही अडाणी ठरवलंत आणि गावच्या पोरी चुलीपाशी ठेवल्यात. हे मी तुम्हाला तोंडावर विचारायचं ठरवत राहिले, आणि तुम्ही आजारी पडलात, मग बोलणंच गेलं तुमचं, आणि अव्वा तुमच्या उशाशी बसून सोमवारी पोथी वाचायची. शेवटपर्यंत वाचली तिनं तुमच्यासाठी. तिनं तुम्हाला माफ केलं असेल. मी अव्वा नाही.

परवा दूध पुसून काढलं, गॅस पुसला आणि नातीला म्हटलं, ठेव ती वही, तुला खरी वर्तुळं दाखवते. सतरंजी अंथरली. दावी कुठली आता, परकराच्या नाड्या घेतल्या, तीन. डब्यातले चिंचोके काढले, एकही फोडला नाही, सगळे अख्खे. एक मराठी, एक उर्दू, एक कानडी, तिन्ही एकमेकांवर चढवलेली. नात एकेक चिंचोका उचलून विचारायला लागली, हे कोण? मी म्हटलं, हे तुझे पणजोबा. मराठी न् उर्दूच्या मधे ठेव, पण कानडीत जाऊ देऊ नकोस. तिनं नीट बाहेर सरकवला. हे कोण? ही पणजी, ठेव कानडीत. ठेवताना मला इतकं बरं वाटलं आप्पा, की सांगता सोय नाही. खोटं कशाला बोलू, तुमची जिरवल्यासारखं वाटलं.

मग तिनं तिसरा चिंचोका माझ्या हातात दिला न् म्हणाली, ही तू. तू कुठं?

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तो अव्वाच्या पोथीत घालून ठेवणार आहे. पोथी माझ्याकडं असते. दर सोमवारी ते लाल फडकं सोडते, विभूती लावते, हात जोडते आणि पुन्हा बांधून ठेवते. नोकरी झाली, पेन्शन झाली, सोलापूरला रस्तोरस्ती कानडी पाट्या वाचणारी माणसं होती, कुणालाही विचारता आलं असतं. त्या पोथीतली एक ओळ मला वाचता येत नाही.

चिंचोका मी मराठीत ठेवला, कानडीच्या बाहेर. नात वाकून बघत होती. "म्हणजे तू न् पणजोबा दोघं बाहेर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, व्हय.